पेरू-बोलिव्हियाची महागडी टूर, माणशी अकरा लाख. घ्यावी का?

फोंड्याचे नाना

नमस्कार मंडळी. पेरू म्हणजे परसातला नव्हे, दक्षिण अमेरिकेतला. हसून झाले असेल तर पुढे वाचा.

माझे वय ६४, बायकोचे ६०. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली. मुलगी न्यू जर्सीला असते, त्यामुळे दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. यंदा लग्नाला ३५ वर्षे होतात म्हणून तिनेच ही टूर शोधून पाठवली. चौदा दिवस, सगळीकडे पंचतारांकित हॉटेल, बाराच माणसे, पूर्ण वेळ गाईड, आणि माचू पिचू या इंकांच्या जुन्या शहराला जायला ती प्रसिद्ध आलिशान रेल्वे. अकरा लाख माणशी, मुंबईपासून. मोपा ते मुंबई आपले आपण बघायचे.

कार्यक्रम असा: दोन दिवस लिमा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने कुस्को, दुपारी सक्सायवामानचे अवशेष आणि शहर. मग ते 'पवित्र खोरे' म्हणतात ते, माचू पिचू, परत कुस्को, रेल्वेने पुनो, टिटिकाका सरोवर, शेवटी बोलिव्हियातले ला पाझ.

बायकोला बीपीची गोळी चालू आहे. माझा उजवा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो. बायको सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहारी), एरवी नुस्ते (मासे) नसले तर जेवल्यासारखे वाटत नाही. शेजारी म्हणतो, बावीस लाखांत घराचे छप्पर नवे होईल. ते नंतर बघू. कोणी अशी टूर केली आहे का? पैसे नेमके कशाचे घेतात?

बार्देसकार

नाना, मी पाठीला बॅग मारून याच्या निम्म्याहून खूप कमी पैशांत महिनाभर फिरलो. माचू पिचूच्या दारात रांग सगळ्यांची एकच. पंचतारांकितवाल्याला वेगळा डोंगर दाखवत नाहीत. स्वतः बुक करा, उरलेल्या पैशांत छप्पर करा.

तारवटी, वास्को

कॅयाओ बंदराला दोनदा लागलो आहे, तिथून लिमा जवळच. नाना, दोन गोष्टी.

पहिली, पिवळ्या तापाची लस. आम्हा जहाजवाल्यांकडे ते पिवळे पुस्तक असतेच, तुमच्याकडे नसणार. पेरू आणि बोलिव्हिया दोन्ही भारताच्या यादीत आहेत. पुस्तक नसताना तिथून परत आलात तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि ती ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर जरा विचार करतात, म्हणून आधी त्यांना विचारा, मगच टूरचे पैसे भरा.

दुसरी, कोकाच्या पानांचा चहा. तिकडे हॉटेलात शिरल्या शिरल्या हातात देतात, अगदी कायदेशीर. मी प्यायलो नाही, कारण आमची जहाजावर लघवीची टेस्ट होते. तुम्ही खुशाल प्या, पण आठवण म्हणून पुडी बॅगेत टाकू नका. आपल्याकडे ते पान अमली पदार्थांच्या कायद्यात बसते.

आणि लिमात जून ते सप्टेंबर सूर्य दिसेल अशी आशा धरू नका. आभाळ जुलैतल्या वास्कोसारखे, पण पाऊस मात्र नाही. ढग येतात आणि नुसते बसून राहतात. आपल्या माणसाला चमत्कारिक वाटते.

आगरवाड्याची बाई

नाना, मी आणि आमचे हे दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशाच टूरने जाऊन आलो. कंपनीचे नाव सांगत नाही. पण तुमचा कार्यक्रम आमच्याशी इतका जुळतो की वाचताना पोटात गोळा आला.

तुमच्या तिसऱ्या दिवसाकडे बघा. लिमा समुद्राकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, मध्ये विमानाचा जेमतेम सव्वा तास. सकाळी पणजीच्या पातळीवर चहा आणि दुपारी जवळजवळ लेहच्या उंचीवर चढ चढत आहात. आमच्या यांना आयुष्यात कधी डोके दुखलेले मी पाहिले नव्हते. त्या रात्री दोनला उठून बसले, डोके दोन्ही हातांत धरून, आणि म्हणाले, "पंखा लाव." बाहेर कडाक्याची थंडी आणि यांना पंखा! मग उलट्या. हॉटेलातला मुलगा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला, तोंडाला मास्क लावला आणि खुर्ची ओढून तिथेच बसला, चार वाजेपर्यंत. मला स्पॅनिश येत नाही, त्याला इंग्रजी येत नव्हते. मी "आगुआ" म्हटले की तो पाणी आणायचा, एवढाच आमचा संवाद. दुसऱ्या दिवशी सगळा गट पिसाकला गेला, आम्ही खोलीत. तो दिवस अकरा लाखांतलाच की!

गाईडचा दोष नाही, कार्यक्रम ऑफिसात बसून आखतात. तुम्ही कंपनीला एवढेच सांगा: कुस्कोच्या विमानतळावरून गाडी थेट खाली खोऱ्यात न्या, उरुबांबा नाहीतर ओयांतायतांबोला. ती गावे २,८०० ते २,९०० मीटरवर आहेत. तिथे दोन रात्री, मग माचू पिचू. ते आणखी खाली, २,४३० मीटरवर. बऱ्याच लोकांना वाटते माचू पिचू सर्वांत उंच, तसे नाही. मग वर कुस्को आणि शेवटी ३,८०० मीटरवरचे पुनो. पुनोच्या रेल्वेवाटेत ला राया खिंड ४,३०० मीटरच्या वर आहे हेही लक्षात ठेवा. ला पाझचा विमानतळ चार हजारांच्या वर. मला विचाराल तर ला पाझ काढूनच टाका. अमेरिकेचा व्हिसा निदान सहा महिने शिल्लक असेल तर पेरूला वेगळा व्हिसा लागत नाही, बोलिव्हियाला लागतो. ते दिवस खोऱ्यात घाला.

बार्देसकार, तुमचे म्हणणे तुमच्या गुडघ्यांना शोभते. आमच्या वयात पैसे मोजायचे ते दारात उभ्या असलेल्या गाडीसाठी, रात्री दोनला येणाऱ्या सिलिंडरसाठी आणि चांगल्या गाईडसाठी. पण नाना, ती आलिशान रेल्वे मला तरी महाग पडली. पितळी दिवे, पांढरे टेबलक्लॉथ, पिस्को या तिकडच्या दारूचे पेले, बॅण्डवाले. खिडकीबाहेर नदी खडकांवर आपटत चाललेली आणि आतले सगळे टाळ्या वाजवण्यात. साध्या गाडीलाही मोठ्या काचा आहेत. त्यातून वाचतील त्या पैशांत खोऱ्यात एक रात्र वाढवा.

आता गाईड कशाला हवा ते सांगते. कुस्कोत हातुन रुमियोक नावाची अरुंद गल्ली आहे, तिथे बारा कोनांचा दगड. लोक येतात, फोटो काढतात, जातात. हात लावायला मनाई आहे. आमच्या गाईडने टॉर्च काढून भिंतीवर आडवा धरला. तशी प्रत्येक सांध्याची सावली पडायला हवी, पण पडली ती केसाएवढी. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, माझ्या सासऱ्यांनी उभ्या केलेल्या. दोन चिऱ्यांमध्ये बोट जाईल एवढा मसाला. इथे मसालाच नाही! शिवाय भिंती आत कललेल्या, दारे खाली रुंद आणि वर निमुळती. हे सगळे भूकंपात उभे राहण्यासाठी. जवळच कोरिकांचा, इंकांचे सूर्यमंदिर. स्पॅनिश लोक १५३३ मध्ये कुस्कोत शिरले, मंदिराचे सोने उतरवले आणि त्याच जोत्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती तशाच उभ्या राहिल्या.

नाना, तुम्ही फोंड्याचे, म्हणून लिहिते. त्या गोल भिंतीपाशी मला मंगेशी आठवली. कुठ्ठाळीहून १५६० मध्ये देव होडीने खाडी ओलांडून प्रियोळला आला आणि मागे देऊळ गेले. कुस्कोत उलटे, भिंती राहिल्या आणि देव गेला. हे यांना म्हटले तर म्हणाले, "आधी जेवू."

सर्वांत जास्त मी भांडले ती मारासच्या मिठागरांवरून. आगरवाड्यात आमच्या सासरची आगरे होती. भरतीचे पाणी मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत घ्यायचे, वाफ्यांत फिरवायचे, उन्हात आटवायचे, एवढे मला झोपेतही सांगता येईल. आणि हे मारास समुद्रापासून कुठच्या कुठे, तीन हजार मीटरच्या वर, डोंगराच्या कुशीत! डोंगरातून खारट पाण्याचा झरा फुटतो, हाताच्या रुंदीचा पाट काढून तो उतारावरच्या हजारो लहान वाफ्यांत सोडलेला. भरती नाही, मानस नाही, सगळा खेळ उताराचा. वाफा भरला की पाटाचे तोंड दगड-मातीने बंद. तळ पायांनी तुडवून घट्ट केलेला, अगदी आमच्यासारखा. वाफे गावातल्या घराघरांत वाटलेले आहेत. आता मध्ये चालू देत नाहीत, वरच्या वाटेवरून बघायचे. यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला गाईडकरवी विचारले, चिखल मिठात येऊ नये म्हणून काय करता? तो हसला आणि हाताने सांगितले: वरचे पांढरे वेगळे, मधले गुलाबी वेगळे, खालचे मातकट जनावरांना. दोघे मिठाच्या गप्पांत रमले होते आणि मॅनेजर घड्याळ दाखवत होती. वीस मिनिटे ठेवली होती हो मिठागराला, आणि पुढे लोकरीच्या दुकानात दीड तास! दुकानाचे कमिशन असणार, दुसरे काय.

माचू पिचूचे थोडक्यात. मूळ पासपोर्ट बरोबर हवा, तिकिटावरचे नाव त्याच्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. आमच्या गटातल्या एका बाईंचे लग्नानंतरचे आडनाव लिहिले होते, दारात अर्धा तास गेला. तिकिटावर वेळ आणि वाट ठरलेली असते. संडास दाराबाहेर, आत नाही, आणि बाहेर पडलात की परत आत घेत नाहीत. बीपीच्या गोळीने वारंवार जावे लागत असेल तर वहिनींना हे आधी सांगा. पायऱ्या दगडी, कमी-जास्त उंचीच्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. काठी न्या, टोकाला रबर हवे. वायना पिचूचे (माचू पिचूमागच्या उभ्या सुळक्याचे) तिकीट कोणी गळ्यात मारले तर नको म्हणा, तुमचा गुडघा तिथे उतरताना ओरडेल. रेल्वेत लहान बॅगच नेऊ देतात, मोठ्या हॉटेलात ठेवाव्या लागतात.

जेवणाचे हाल नाहीत. सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे नुस्ते, वर कांदा आणि तिखट मिरची. लिमाला दुपारीच खायचे. मी नाक मुरडत पहिला घास घेतला, नंतर यांच्या ताटातलेही संपवले. सोम-गुरुवारी बटाटा. शेकडो जाती आहेत, जांभळासुद्धा. बटाटा मुळात तिकडचाच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला. 'पापा आ ला वांकाईना' मागवा, उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि मिरचीचा दाट रस. वरचे अंडे काढायला सांगा. किनोवाचे सूप मात्र विचारून घ्या, "मांस नाही" म्हणतात आणि पाणी कोंबडीचे असते.

डॉक्टर, मडगाव

बाईंनी उंचीचा क्रम सांगितला तो बरोबर. उंची बाधू नये म्हणून डायमॉक्स नावाची गोळी लोक स्वतःच घेतात, तसे करू नका. सल्फाची अॅलर्जी असेल तर चालत नाही, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्ही एकत्र कशा द्यायच्या ते तुमचे डॉक्टर ठरवतील. वर पोचल्यावर पहिले दोन दिवस पिस्को नाही, फेणीची बाटली नेली असेल तर तीही नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर सकाळची वाट बघू नका, खाली उतरा. सिलिंडरने वेळ निभावते, उपाय खाली उतरणे हाच.

फोंड्याचे नाना

सगळ्यांचे आभार. काल कंपनीला फोन केला. आधी म्हणाले कार्यक्रम ठरलेला आहे. मी म्हटले, मग आम्ही दोघे नाही. अर्ध्या तासात त्यांचाच फोन: विमानतळावरून थेट खोऱ्यात, दोन रात्री, कुस्को नंतर. ला पाझ आमच्यापुरते काढले, आम्ही पुनोहून लिमाला परत. आलिशान रेल्वे सोडून साधी घेतली तर किती कमी होतील ते सोमवारी सांगतात. लसीचे उद्या डॉक्टरांना विचारतो.

बाई, मारासला एक तास लिहून घेतला आहे. तिथली मुलगी विचारत होती, "सर, मिठागरात एक तास काय करणार?"

बार्देसकार, छप्पर पुढच्या वर्षी.

आगरवाड्याची बाई

तिला म्हणावे, मीठ बघणार. मेच्या सुरुवातीला गेलात तर पाऊस सरलेला असतो आणि वाफे नुकते भरायला घेतलेले. गुलाबी मीठ अर्धा किलो आणा, दुकानातले नको, वाटेवर विकतात ते. आणि ओयांतायतांबोहून जाताना रेल्वेत डाव्या बाजूची सीट मागा, नदी त्या अंगाला असते.