ट्रॅडेस्कँशिया: नाव वडिलांचे की मुलाचे?

ट्रॅडेस्कँशिया ही शोभेची फुलझाडे; त्यांचे नाव जॉन ट्रॅडेस्कँट याच एका नावाच्या इंग्रज बापलेकांवरून आले. ही वनस्पती धाकट्या जॉन ट्रॅडेस्कँटने अमेरिकेतील व्हर्जिनियाहून इंग्लंडमध्ये आणली, असे म्हटले जाते. येथे एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. धाकटा १६३७ साली व्हर्जिनियाला गेला. मात्र इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन पार्किन्सनने १६२९ सालच्या आपल्या ग्रंथातच हे झाड थोरल्या ट्रॅडेस्कँटला एका मित्राकडून मिळाल्याची नोंद केली होती. त्यामुळे पहिले श्रेय वडिलांकडे जाते, जरी स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कायम केलेले प्रजातीचे (म्हणजे अनेक जातींच्या गटाचे) नाव आज दोघांचे स्मरण म्हणून सांगितले जात असले तरी. दोघांनीही राजघराण्याचे माळी म्हणून काम केले, आणि त्यांनी जमवलेल्या वस्तूंचा संग्रह पुढे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा पाया ठरला.

टांगत्या कुंडीतून लोंबणारी, पानांवर रुपेरी पट्टे आणि खाली जांभळी झाक असलेली झेब्रिना ही याच प्रजातीतील दुसरी जाती मात्र मूळची मेक्सिकोकडील, व्हर्जिनियाची जाती उभी वाढणारी. फूल बारकाईने पाहावे: तीन पाकळ्या, आणि पुंकेसरांवर मण्यांच्या माळेसारखे केस, ज्यांतील एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते. दुपारपर्यंत मात्र ते फूल मिटून ओलसर गोळा झालेले असते.