घराचा प्लॅन काढताना मापं जुळत नाहीत, तातडीने मदत हवी आहे

चाफेवाडी
नमस्कार मंडळी. गावी घर बांधायला काढलंय. कंत्राटदाराने कागदावर दिलेला प्लॅन मी संगणकावर उतरवतोय, म्हणजे आईला घर आतून कसं दिसेल ते दाखवता येईल. पण १२ बाय १० ची खोली काढली की क्षेत्रफळ १२० यायच्या ऐवजी १०४ येतं. पुसून परत काढली तरी तेच. कुठलं सेटिंग बदलायचं तेवढं सांगा, दसऱ्याला आखणी आहे.

मिहिर_डोंबिवली
कुठलं सॉफ्टवेअर? कुठली आवृत्ती? फूट-इंचात काम करताय की सेंटिमीटरमध्ये?

रानजाई
स्केचअप वापरा. मी आमच्या फ्लॅटचं सगळं फर्निचर त्यात काढलं होतं. एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं. पूर्वी ते गुगलकडे होतं, २०१२ मध्ये ट्रिंबलने घेतलं. ब्राउझरमध्येसुद्धा चालतं.

चाफेवाडी
फुटांतच काम करतोय. नवीन सॉफ्टवेअर शिकायला वेळ नाही हो. आहे त्यातच करायचंय.

मिहिर_डोंबिवली
अहो, पण आहे ते कुठलं?

चाफेवाडी
स्वीट होम ३डी.

वास्तुवेध
मापांआधी दिशा बघा. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, मालकाची झोपायची खोली नैर्ऋत्येला. प्लॅनचा फोटो इथे टाकलात तर सांगता येईल. घर एकदाच बांधतो आपण.

मिहिर_डोंबिवली
भिंतीची जाडी किती ठेवलीत? या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढताना आपण जी रेघ ओढतो ती भिंतीच्या मध्यावरून जाते. म्हणजे तुम्ही १२ फूट ओढलं तर एका भिंतीच्या मध्यापासून समोरच्या भिंतीच्या मध्यापर्यंत १२ फूट. दोन्हीकडची अर्धी अर्धी भिंत खोलीतून वजा होणार. मूळ सेटिंगमध्ये जाडी साडेसात सेंटिमीटर असते, म्हणून सुरुवातीला फरक लक्षात येत नाही.

चाफेवाडी
जाडी ९ इंच ठेवलीय.

मिहिर_डोंबिवली
मग हिशेब सरळ आहे. १२ फुटांतून ९ इंच गेले, ११ फूट ३ इंच राहिले. १० मधून ९ इंच गेले, ९ फूट ३ इंच. गुणाकार १०४. सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय. आतून १२ बाय १० हवी असेल तर १२ फूट ९ इंच आणि १० फूट ९ इंच ओढा. माउसने ओढत बसू नका. भिंत काढायला सुरुवात केली की एंटर दाबा, लांबी आणि कोन आकड्यात टाकता येतो.

सदाकाका
हे सगळं कशाला? आलेख कागद घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट. आमचं रत्नागिरीचं घर वडिलांनी असंच काढलं होतं. संध्याकाळी बसून सगळ्या घरादाराने त्यावर चर्चा केली, ज्याला जे बदलायचं त्याने खोडरबर घेतलं. आज ते घर उभं आहे. संगणकावर एकटा माणूस बसतो आणि बाकीच्यांना नुसतं चित्र दाखवतो.

रानजाई
काका, आलेख कागदावर खिडकीतून काय दिसेल ते कळत नाही. माझ्या सासूबाईंना प्लॅन वाचता येत नाही, पण ३डी मध्ये फिरवून दाखवल्यावर त्यांनीच सांगितलं की ओट्यासमोरची खिडकी खूप वर गेलीय.

स्थापत्य_सावंतवाडी
सिव्हिल इंजिनियर आहे, म्हणून विचारतो. ९ इंच कुठून आलं? आरसीसीच्या घरात हल्ली बाहेरची भिंत ६ इंच आणि आतली ४ इंच ठेवणारे पुष्कळ आहेत. गाव कुठलं? विटा, ब्लॉक की चिरा? कॉलम आहेत की भिंतींवरच भार?

चाफेवाडी
गाव राजापूरजवळ. जांभा चिरा. कॉलम नाहीत, वर कौलं. हे सांगायला हवं होतं का? मला फक्त सॉफ्टवेअरचं विचारायचं होतं.

स्थापत्य_सावंतवाडी
हवंच होतं. त्यावर सगळं ठरतं. चिरा साधारण १४ बाय ९ बाय ७ इंचांचा, त्यामुळे भिंत ९ इंच बरोबर. आतून प्लास्टर केलंत की अर्धा-पाऊण इंच आणखी जातो. आणि भार भिंतींवर आहे, तेव्हा चित्र बरं दिसावं म्हणून आतली भिंत मनाने बारीक करू नका.

आता महत्त्वाचं. कंत्राटदाराच्या कागदावर १२ बाय १० लिहिलंय ते आतलं माप, सेंटरचं (भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत) की बाहेरचं? गवंडी आखणी करतात ती सेंटर लाइनवर. हा प्रश्न त्याला विचारलात का? आणि एकूण घराची लांबी किती लिहिलीय?

चाफेवाडी
विचारलं नाही. हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघर एका ओळीत: १२, १०, १२. एकूण लांबी ३४. मागे-पुढे २६.

स्थापत्य_सावंतवाडी
सापडलं. १२ + १० + १२ म्हणजे ३४ आणि एकूण लांबीही ३४. त्या कागदावर भिंतींना जाडीच नाही. एका ओळीत तीन खोल्या म्हणजे चार भिंती, चार गुणिले ९ इंच म्हणजे ३ फूट. हे ३ फूट कुठून तरी येणार. एक तर घर बाहेरून ३७ होईल, नाही तर खोल्या आतून ११, ९, ११ होतील. सेटिंग बदलून हे सुटणार नाही. आखणीआधी कंत्राटदाराशी बोला. एकदा जोत्याचा पाया खणला की कोणी ऐकत नाही.

मिहिर_डोंबिवली
अगदी बरोबर. आणि ३७ केलंत तर ३ गुणिले २६ म्हणजे ७८ चौरस फूट वाढतात. कंत्राट चौरस फुटाच्या दराने असेल तर त्या दराने गुणून बघा.

सदाकाका
बघा, आलेख कागदावर हे आधीच दिसलं असतं.

स्थापत्य_सावंतवाडी
नाही काका, दिसलं नसतं. आलेख कागदावर लोक भिंत म्हणून एकच रेघ मारतात. तिथेही जाडी हरवते. या गोंधळाचं मूळच ते आहे. जाडीसकट काढणारं सॉफ्टवेअर होतं म्हणून आज हे कळलं.

सदाकाका
आम्ही दोन रेघा मारायचो. असो. कौलारू घर बांधताय तर माकडांचं काय करणार आहात ते ठरवा. आमच्याकडे दर वर्षी कौलं फोडतात. मंगलोरी कौलांच्या खाली पत्रा टाकून घेतला तेव्हा गळती थांबली.

गावकरी_लांजा
पत्र्याने घर तापतं काका. आम्ही वर जाळी मारली. दोन-तीन पावसात गंजली ते खरं, पण माकडं कमी झाली. फणस आणि आंब्याच्या फांद्या छपरापासून लांब ठेवल्या की निम्मा त्रास जातो.

चाफेवाडी
माकडांचं नंतर बघतो. त्या कागदाचा फोटो मागे ठेवून त्यावरून भिंती काढल्या, तर लांबी जुळते आणि रुंदी जुळत नाही. आता हे काय?

मिहिर_डोंबिवली
फोटो मोबाईलने तिरका काढलाय का? पार्श्वभूमीचं चित्र घेताना सॉफ्टवेअर एका निळ्या रेषेवरून प्रमाण ठरवतं. ती रेष तुम्ही लांबीवर ठेवलीत, म्हणून लांबी जुळली. फोटो तिरका असेल तर दुसऱ्या दिशेचं माप खोटंच येणार. कागद सपाट ठेवून स्कॅन करा. खरं तर तुमच्या बाबतीत फोटो सोडाच, कागदच चुकीचा आहे. आकडे टाकून नव्याने काढा, तासाभराचं काम आहे.

रानजाई
मी एक सुचवू? खोल्या काढल्या की लगेच सामान ठेवून बघा, पण कॅटलॉगातलं जसंच्या तसं नको. आपल्या घरातल्या पलंगाचं आणि कपाटाचं माप घेऊन तेच आकडे टाका. ६ बाय सव्वासहाचा पलंग आणि समोर २ फूट खोल कपाट असेल, तर १० फुटांत मध्ये पावणेदोन फूट उरतात. ९ फुटांत उरतात ९ इंच. त्या ९ इंचांत तुमच्या आईने रात्री उठायचं कसं? हे आकडे कंत्राटदाराला दाखवा.

चाफेवाडी
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. पलंग-कपाट ठेवून बघितलं. झोपायची खोली १० च्या खाली नेता येणार नाही.

वास्तुवेध
दिशेचं कोणी मनावर घेतलं नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये होकायंत्र असतं. उत्तर नीट लावा, ठिकाण द्या. मग वेळ बदलून फोटो काढला की ऊन कुठून येतं ते दिसतं. शास्त्र मानत नसाल तरी एवढं करा.

स्थापत्य_सावंतवाडी
याच्याशी पूर्ण सहमत. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूला उघडी खिडकी ठेवली तर चार महिने भिंत ओली राहते. पडवी तिकडे घ्या.

चाफेवाडी
पडवी पश्चिमेला आहेच. कौलांचं छप्पर कसं काढायचं? छपराचं बटण सापडत नाही.

मिहिर_डोंबिवली
तसं बटण नाहीच. बाजूच्या भिंतीचे मध्यावर दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची व शेवटची उंची वेगळी द्या. त्रिकोण तयार होतो. वरचं छप्पर तयार मॉडेल म्हणून आत घ्यावं लागतं. आईला दाखवायला एवढं पुरे.

चाफेवाडी
कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणतो ३४ बाहेरून धरलंय, "आतून थोडं कमी येतं, सगळ्यांचंच येतं." पलंगाचं चित्र पाठवलं तेव्हा नरमला. आता बाहेरून ३५ ठरलं. भिंतींचे ३ फूट गेले की ३२ राहतात: हॉल ११, झोपायची खोली १०, स्वयंपाकघर ११. वाढीव २६ चौरस फुटांचे पैसे देईन. आईलाही हे पटलं.

स्थापत्य_सावंतवाडी
उत्तम. आता नवा प्लॅन छापून द्याल तेव्हा प्रत्येक मापासमोर 'आतून' किंवा 'बाहेरून' लिहा, आणि त्याची सही घ्या. मागे-पुढच्या २६ चाही असाच हिशेब करा, तिथेही भिंती आहेत. परवानगीसाठी हा प्लॅन चालणार नाही, तो परवानाधारक इंजिनियरकडून काढून घ्या. आणि वाढलेला एक फूट कुठल्या बाजूला जाणार? हद्दीपासूनचं अंतर मोजलंत?

चाफेवाडी
पूर्वेला. तिकडे मोकळं आहे, पण टेप लावून मोजलं नाही. रविवारी गावी जातोय, मोजून इथेच कळवतो. २६ चा हिशेब आज रात्री करतो.

गावकरी_लांजा
पूर्वेला आंबा-फणस असेल तर फांद्याही बघून या.