रियर स्टँड घ्यायचाय: स्पूलवाला की रबरी पॅडवाला?

भटक्या_गिअर
मंडळी, माझ्या गाडीला डबल स्टँड नाही. चेन साफ करायची म्हणजे साइड स्टँडवर लावायची, वीतभर पुसायची, गाडी थोडी ढकलायची, पुन्हा पुसायची. वैताग आहे नुसता. शिवाय आता टायर बदलताना मागचं चाक घरीच काढून न्यायचा विचार आहे. रियर स्टँडचे, म्हणजे गाडीचं मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडचे, दोन प्रकार दिसतात. एकात स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा हलता दांडा) खाली रबरी पॅड टेकतात, दुसऱ्यात स्विंगआर्मला बोल्टने बसवलेल्या स्पूलमध्ये (रिळासारखा खाचेचा गोल तुकडा) व्ही आकाराचे हुक अडकतात. गाडी साधारण १८० किलोची, स्विंगआर्म दोन्ही बाजूंनी. बहुतेक वेळा मी एकटाच असतो. कुठला घेऊ?

आट्यापाट्या
स्टँड नंतर बघा, आधी खाली बसून स्विंगआर्म बघा. एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) आसपास दोन्ही बाजूंना आटे पाडलेली भोकं आहेत का? कधीकधी त्यावर रबरी बूच असतं, त्यामुळे पटकन दिसत नाहीत. असतील तर पुढचा विचारच नको, स्पूल लावा.

चाक काढायचंय म्हणालात तिथेच निम्मा निकाल लागला. पॅड नेमके एक्सलच्या जवळ टेकतात आणि चेनचा ताण कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या, नटच्या वाटेत येतात. गुळगुळीत स्विंगआर्मवर ते सरकतातही. हुक स्पूलच्या खाचेत बसला की पुढे-मागे हलत नाही.

स्पूल घेताना बोल्टचं माप बघा. ६, ८ आणि १० मिमी असे तीन प्रकार चालतात, आणि १० मध्येही आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ किंवा १.५ मिमी असू शकतो. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून शेवटपर्यंत गेला पाहिजे. अडला की थांबा. पाना लावून जबरदस्ती केली तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच, आणि तिथे स्टँडच्या किमतीपेक्षा मोठं काम निघतं.

तेलकट_हात
मी जरा उलटं बोलतो. फक्त चेनला वंगण द्यायचं असेल तर एवढा लोखंडी सांगाडा कशाला? गाडी साइड स्टँडवर तोलून स्विंगआर्मखाली लावायचा छोटा टेकू मिळतो, चाक जमिनीपासून बोटभर सुटतं, काम झालं. बॅगेत मावतो, लांबच्या प्रवासात तोच उपयोगी.

आट्यापाट्या
प्रवासात एकदम मान्य. पण त्या टेकूवर चाक काढू नका. गाडी तेव्हा टेकू, साइड स्टँड आणि पुढचं चाक अशा तीन टेकांवर कशीबशी उभी असते, आणि तुम्ही एक्सल ठोकून बाहेर काढणार.

सैल_चेन
मध्येच विचारतो. स्टँडवर गाडी उचलली की चेनचा सैलपणा वेगळा भरतो म्हणतात, खरंय का? मग ताण नेमका कधी मोजायचा?

दुचाकी_दादा
कुठला स्टँड त्यावर आहे. डबल स्टँड फ्रेमला असतो. त्यावर गाडी चढवली की मागचं चाक आणि स्विंगआर्म खाली लोंबतात, शॉकअपवरचा भार निघून जातो, म्हणून सैलपणा बदलतो. रियर स्टँड गाडीला स्विंगआर्मलाच धरून उचलतो, तोही एक्सलच्या जवळ. म्हणजे गाडीचं वजन शॉकअपवर जवळजवळ तसंच राहतं, जसं चाक जमिनीवर असताना असतं. फरक पडतो तो अगदी किरकोळ.

तरी मॅन्युअलमध्ये कुठल्या स्थितीत मोजा म्हटलंय ते वाचाच. काही कंपन्या साइड स्टँडवरचं माप देतात, काही चाक उचललेलं. आणि एकाच जागी मोजून उठू नका. चाक हाताने सावकाश फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत घट्ट लागते तिथलं माप धरायचं, नाहीतर बाकी सगळीकडे बरोबर आणि तेवढ्या एका जागी तारेसारखी ताठ.

हे सगळं इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये. गिअर टाकून, चाक फिरतं ठेवून चेनला फडकं लावणारे लोक मी पाहतो आणि तिथून निघून जातो. फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) ओढलं जातं आणि मागोमाग बोटं.

भटक्या_गिअर
ही माहिती भारी आहे. भोकं आहेत, बूच काढून बघितलं, ८ मिमीचा बोल्ट हाताने आरामात गेला. आता एकट्याने गाडी चढवायची कशी ते सांगा. खरी भीती त्याचीच आहे.

दुचाकी_दादा
फरशी सपाट आणि कोरडी हवी, उतार अजिबात नको. साइड स्टँडखाली पातळ लाकडी फळी सरकवा, म्हणजे गाडी बऱ्यापैकी सरळ होते आणि दोन्ही हुक स्पूलखाली सारखे येतात. फळी जाड घेतलीत तर गाडी उजवीकडे कलंडेल, तेवढं सांभाळा.

मग मागे डाव्या बाजूला उभे राहा. डावा हात ग्रॅबरेलवर (सीटमागच्या धरायच्या दांड्यावर), उजवा स्टँडच्या दांड्यावर. गाडी सरळ ओढून धरा आणि उजवीकडचा, म्हणजे न दिसणारा हुक खरंच बसलाय का ते वाकून बघा. गाड्या पडतात त्या बहुधा इथेच, एकच हुक लागलेला असताना दांडा दाबल्यामुळे. नंतर दांडा एका दमात, पण झटका न देता खाली. गाडी चढताना थोडी मागे सरकते, म्हणून न्यूट्रल हवं आणि पुढचा ब्रेक मोकळा. उतरवताना ती पुढे येते. तेव्हा साइड स्टँड आधीच बाहेर काढलेला असला पाहिजे.

पहिल्यांदा उजव्या बाजूला कोणाला तरी उभं करा. काही करायला नको, नुसतं उभं.

तेलकट_हात
आणि चाक काढणार असाल तर एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो. स्टँडवर चढवून त्याच्याशी झटापट नको.

एका_हाताची_गाडी
माझा स्विंगआर्म एकाच बाजूचा आहे. मला यातलं काय चालेल?

आट्यापाट्या
यातलं काहीच नाही. तुमच्या स्टँडला पिन असते, ती पोकळ एक्सलमध्ये आत जाते. पिनची जाडी आणि ती कुठल्या बाजूने घालायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं, अगदी एकाच कंपनीतही. मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या.

भटक्या_गिअर
ठरलं, स्पूलवाला. एक शंका उरली. उजवीकडे सायलेन्सर स्पूलच्या अगदी जवळ येतोय.

दुचाकी_दादा
बाहेर किंवा खाली काढलेले ऑफसेट स्पूल मिळतात, ते बघा. स्टँडची रुंदी सरकवता येते ना, तेही तपासा. नंबरप्लेट टायरच्या मागे लोंबणारी असेल तर मागचा आडवा दांडा तिला लागतो का बघा. आणि चार चाकांचा घ्या, दोन चाकांचा तिरका होतो. वेल्डिंग सांध्यावर पूर्ण फिरलेलं हवं, नुसते ठिपके नकोत.