गर्दी वाढली म्हणून हरमच्या उस्मानी ओवऱ्या उतरवणं योग्य होतं का?

दगडमाती

मक्केच्या मस्जिद-अल-हरामचा, म्हणजे हरमचा, विषय निघाला की बोलणं मधल्या चौकोनी काब्यापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. मला काब्याभोवतीच्या इमारतीबद्दल बोलायचं आहे.

१६व्या शतकात उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसरा सलीम याने हरमच्या अंगणाभोवतीच्या ओवऱ्या नव्याने बांधायला घेतल्या. त्याचा मुलगा तिसरा मुराद याच्या कारकिर्दीत काम पुरं झालं. या कामामागे उस्मानी दरबाराचा वास्तुकार मिमार सिनान याचं नाव घेतलं जातं. वाळवी आणि आगीला बळी पडणारं जुनं लाकडी सपाट छत गेलं आणि त्या जागी छोट्या छोट्या घुमटांच्या रांगा आल्या. अब्बासी खलिफा अल-महदीने ८व्या शतकात समुद्रमार्गे आणवलेले संगमरवरी खांब टाकून न देता पुन्हा वापरले आणि त्यांच्या जोडीला पिवळसर दगडाचे जाडजूड खांब उभे केले. म्हणजे एकाच रांगेत आठशे वर्षांचं अंतर असलेले खांब खांद्याला खांदा लावून उभे होते.

इजिप्तच्या सादिक बेने १८८० च्या सुमारास मक्केचे पहिले फोटो काढले. ते बघा. ओवऱ्यांची उंची बेताची आहे, त्यामुळे नजर सरळ काब्यावर जाते. बांधणाऱ्यांनी स्वतःला मागे ठेवलंय.

२०११ नंतरच्या विस्तारात या ओवऱ्या उतरवल्या. काही खांब-कमानी साफ-दुरुस्त करून परत बसवल्या, पण इमारत म्हणून जी सलग गोष्ट होती ती गेली. हे चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे.

खाडीपलीकडची

तुमची कळकळ समजते. पण त्या अंगणात तवाफ करणाऱ्याच्या, म्हणजे काब्याभोवती सात फेऱ्या घालणाऱ्याच्या, बाजूनेही बघा.

माझी आई गुडघ्यांनी अधू. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, घरात हजची तयारी वर्षानुवर्षं चालते; माणूस म्हातारा होईपर्यंत पैसे साठतात आणि मग शरीर साथ देत नाही. काब्याभोवतीच्या मोकळ्या जागेला, म्हणजे मताफला, या ओवऱ्यांनी चारी बाजूंनी घेरलं होतं. खाली गर्दीत व्हीलचेअर नेणं अशक्य, म्हणून वरच्या मजल्यावरून फेऱ्या. आणि वर गेलं की घेर इतका वाढतो की सात फेऱ्यांत ढकलणारा आणि बसणारा दोघंही गळून जातात.

विस्ताराआधी मताफमध्ये ताशी सुमारे ४८,००० माणसं तवाफ करू शकत, नंतर हा आकडा १,०५,००० सांगितला गेला. हा फरक माझ्या आईसारख्यांसाठी आहे. मशीद इबादतीसाठी असते. तिथं खांबाला इजा होऊ नये म्हणून माणसं चेंगरायची का?

दगडमाती

ताई, माणसं चेंगरावीत असं कुणीच म्हणणार नाही. प्रश्न पर्यायांचा आहे. मदिनेत काय केलं बघा. मस्जिद-ए-नबवी कितीतरी पटींनी वाढली, तरी सुलतान अब्दुल मजीदच्या काळात, १९व्या शतकाच्या मध्याला बांधलेला दक्षिणेकडचा भाग हिरव्या घुमटासकट आजही उभा आहे आणि वापरात आहे. तिथं जमलं, मग मक्केत का नाही?

काटकोन

कारण दोन्ही इमारतींची भूमिती वेगळी आहे. धागाकर्त्याने दिलेलं उदाहरण नेमकं त्यांच्या विरोधात जातं.

मदिनेत किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, दक्षिणेला. नमाजी सफा (रांगा) करून एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. त्यामुळे पुढचा जुना भाग तसाच ठेवून मागे आणि दोन्ही अंगांना मशीद वाढवता येते. मक्केत किब्ला मधोमध आहे आणि माणसं त्याभोवती फिरतात. फिरणाऱ्या गर्दीला एका बाजूने जागा देऊन काही उपयोग नाही. घेर सगळीकडून मोठा व्हायला हवा. एका बाजूच्या ओवऱ्या ठेवल्या असत्या, तर सगळी गर्दी तिथंच अडली असती, आणि अशा अडलेल्या जागीच चेंगराचेंगरी होते.

दुसरं म्हणजे, ज्या अल-महदीचे खांब तुम्हाला मोलाचे वाटतात, त्याने काय केलं? काबा अंगणाच्या मध्यावर यावा म्हणून आजूबाजूची घरं विकत घेऊन पाडली. सिनानच्या काळातही आधीचं छत पाडूनच घुमट आले. चारही सुन्नी मजहबांच्या (धर्मशास्त्राच्या शाखांच्या) इमामांसाठी अंगणात वेगवेगळे मंडप होते, जमजमच्या विहिरीवर इमारत होती. २०व्या शतकात तेही हटवलं, आणि त्याबद्दल आज कुणी हळहळताना दिसत नाही. हरम कायम बदलत आलंय.

खाडीपलीकडची

यात मला एक भर घालायची आहे. खुद्द काबासुद्धा किती वेळा उभारला गेला! पैगंबरांना नबुव्वत (प्रेषितपद) मिळायच्या आधी, इ.स. ६०५ च्या सुमारास, कुरैशांनी, म्हणजे त्यांच्याच टोळीने, तो बांधला. हलालच्या कमाईतलेच पैसे वापरायचे असं ठरलं होतं, ते कमी पडले, म्हणून एका बाजूचा भाग भिंतीबाहेर राहिला. अर्धगोल बुटक्या भिंतीतली हतीमची जागा ती हीच. ६८३ च्या वेढ्यात काबा जळाला, तेव्हा मक्का ज्यांच्या ताब्यात होती त्या अब्दुल्लाह इब्न जुबैरांनी हतीम आत घेऊन, जमिनीलगत दोन दरवाजे ठेवून तो बांधला. दहाएक वर्षांत उमय्या खलिफाचा सेनापती हज्जाज याने तो पुन्हा कुरैशांच्या आकारात आणला. पुढे १६३० मध्ये पुराने भिंती ढासळल्या आणि चौथ्या मुरादने बांधकाम करवलं. आज दिसतो तो काबा मुख्यतः त्या वेळचा.

भिंती पडल्या, उभ्या राहिल्या, आपली दिशा बदलली नाही. मग ओवऱ्यांसाठी इतकं दुःख का करायचं?

शाईची दौत

हा इतिहास बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला उलटा दिसतो.

बुखारीच्या संग्रहातली, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली प्रसिद्ध हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) आठवा. पैगंबर म्हणतात, तुझे लोक नुकतेच जाहिलियतमधून (इस्लामपूर्व अज्ञानकाळातून) बाहेर आले नसते, तर मी काबा पाडून इब्राहीमच्या पायावर बांधला असता, त्याला दोन दरवाजे केले असते. म्हणजे बदल योग्य आहे हे माहीत होतं, मक्का हाती होती, तरी लोकांची मनं दुखावतील म्हणून हात लावला नाही. पुढे एका अब्बासी खलिफाने काबा पुन्हा इब्न जुबैरांसारखा बांधायचं मनात आणलं, तेव्हा इमाम मालिक यांनी त्याला परावृत्त केलं असं सांगतात. अल्लाहचं घर राजांच्या हातचं खेळणं होऊ नये, ही त्यांची भीती होती.

परंपरा हीच शिकवते की सत्ता आणि योग्य कारण दोन्ही हाताशी असलं तरी थांबता आलं पाहिजे. ओवऱ्या काबा नव्हेत, कबूल. पण चारशेहून जास्त वर्षं जगभरचे हाजी त्या सावलीत बसले, कुराण शिकले, झोपले, काहींनी तिथंच प्राण सोडले. त्या जागेबद्दल त्यांना कुणी विचारलं?

काटकोन

कुणाला विचारणार? जगभरच्या हाजींचं मत घेऊन एक वीट तरी हलेल का? आणि मक्का दरीत आहे, हरम दरीच्या तळाशी. १९४१ च्या पुरात लोक काब्याभोवती पोहत होते, त्याचे फोटो आहेत. अशा ठिकाणी पाण्याचा निचरा, वीज, थंडावा, बाहेर पडायच्या वाटा हे सगळं नव्याने करावंच लागतं. जुन्या वस्तू फेकूनही दिलेल्या नाहीत. मक्केत हरमच्या वास्तुकलेचं स्वतंत्र संग्रहालय आहे, तिथं काब्याचा जुना दरवाजा आणि इब्न जुबैरांच्या काळातला लाकडी खांब ठेवलेला आहे.

मुसाफिरखाना

दोन्ही बाजू वाचल्या. तुम्ही सगळे ओवऱ्यांवर भांडताय आणि अज्यादचा किल्ला कुणाच्याच तोंडी नाही.

१८व्या शतकाच्या शेवटी हरमच्या रक्षणासाठी उस्मानींनी टेकडीवर हा किल्ला बांधला. २००२ मध्ये तो पाडला, तुर्कस्तानने जोरदार निषेध केला, खालची टेकडीसुद्धा सपाट केली. त्या जागी आज हॉटेलं, दुकानं आणि ६०१ मीटरचा घड्याळाचा मनोरा आहे. काबा जेमतेम १३ मीटर उंच. ताईंचा व्हीलचेअरचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पण तो या मनोऱ्याला लागू होतो का?

माझे आजोबा मुंबईहून बोटीने जेद्दाला गेले होते. मुसाफिरखान्यात मुक्काम, मग समुद्र. हजमध्ये श्रीमंत आणि गरीब एकाच एहरामच्या दोन चादरींत असतात, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. आता खिडकीतून काबा दिसणाऱ्या खोलीचं भाडं वेगळं आणि मागच्या बाजूच्या खोलीचं वेगळं. मला ओवऱ्यांपेक्षा हे जास्त लागतं.

काटकोन

मनोऱ्याचा प्रकल्प वक्फ (धर्मादाय मालमत्ता) आहे, त्याचं उत्पन्न हरमसाठी आहे. लाखो लोकांनी राहायचं कुठं, हाही गर्दीचाच प्रश्न आहे.

मुसाफिरखाना

वक्फ म्हटलं म्हणून उंचीचं समर्थन होत नाही. मुक्कामाची सोय दोन-तीन किलोमीटर लांब करून बस चालवता आल्या असत्या. मीना आणि अरफात या हजच्या ठिकाणी लाखो माणसं नेता येतात, तर हरमला का नाही?

खाडीपलीकडची

मनोऱ्याबाबत मी मुसाफिरखाना यांच्या बाजूने. तवाफ करताना मान वर केली की तेच घड्याळ दिसतं. तो हाजींच्या पायाखालच्या जागेचा प्रश्न नव्हता. ओवऱ्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

दगडमाती

आणि माझंही तेच. काटकोन यांचा घेराचा मुद्दा मजबूत आहे, मदिनेची तुलना तिथवर पोचत नाही. तरी एक गोष्ट करता येण्यासारखी होती आणि आजही आहे. परत बसवलेल्या खांबांपैकी कुठला अल-महदीचा, कुठला सिनानच्या काळातला, मूळ जागा कुठली आणि आता तो कुठं आहे, याचा नकाशा तयार करून सगळ्यांसमोर ठेवावा. संग्रहालयात एक भिंत त्याला द्यावी. याने ताईंच्या आईच्या वाटेत एक इंचही अडथळा येत नाही.

शाईची दौत

या मागणीला माझा पाठिंबा. सादिक बेच्या फोटोंपासून सुरुवात करता येईल, त्यांत खांब एकेक करून मोजता येतात.