पावसाळी गटारातून थेट गोदावरीत: आधी रस्ता स्वच्छ करायचा की चोरून जोडलेले सांडपाणी तोडायचे?

गोदाकाठचा रहिवासी

नाशिकमध्ये भुयारी गटार आणि पावसाळी गटार या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. घरातले सांडपाणी मलवाहिकांतून तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथील मलजलशुद्धीकरण केंद्रांकडे जावे अशी योजना आहे. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून आत शिरणारे पाणी मात्र कोणत्याही केंद्राकडे जात नाही. ते जवळच्या नाल्यात, तिथून नासर्डी किंवा वाघाडी या उपनद्यांत आणि शेवटी गोदावरीत जसेच्या तसे उतरते. म्हणून रस्त्यावरची जाळी हा नदीचाच काठ मानून तिथले नियम ठरवले पाहिजेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, तर त्याआधीच्या कोरड्या महिन्यांत झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळीपासून मेअखेरपर्यंत रस्त्यावर बरेच काही साठत जाते. वाहनांतून ठिबकलेले तेल, टायर झिजून पडलेली जस्तयुक्त भुकटी, ब्रेकच्या अस्तरातले तांबे, बांधकामाची माती, जनावरांची विष्ठा आणि प्लास्टिक हे सगळे जूनच्या पहिल्या एक-दोन जोरदार सरी एकदम धुऊन नेतात. एक हेक्टर काँक्रीटवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे १०,००० लिटर पाणी होते. यावरून संपूर्ण शहराच्या डांबरी आणि काँक्रीट पृष्ठभागावरून किती पाणी वाहून येत असेल याची कल्पना करता येईल. त्या वेळी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झालेला नसतो, नदीचा प्रवाह क्षीण असतो आणि आलेली घाण पातळ होण्यास वावच नसतो.

सिंहस्थाची प्रमुख स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. २०१५ मध्ये तसेच होते आणि २०२७ मध्येही तसेच आहे. म्हणजे रामकुंडात उतरणारा भाविक ऐन पावसाळ्यातल्या पाण्यात स्नान करतो, आणि त्या पाण्यात गंगापूर रस्त्याच्या बाजूने आलेले पावसाळी पाणीही असते. घाट कितीही देखणे बांधले, तरी या पाण्याचा विचार त्यात होत नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. रस्त्यावर गाड्या धुणारी केंद्रे, गॅरेज आणि बांधकामे यांना तेल व गाळ अडवणारी टाकी सक्तीची करावी. झाडताना कचरा जाळीत लोटणे थांबवावे. नालेसफाईत काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलावा, कारण काठावरचा गाळ पुढच्या सरीला पुन्हा नाल्यातच जातो. आणि प्रत्येक जाळीखाली बारीक जाळीची टोपली बसवावी.

सातपूरकर

आपली कळकळ खरी आहे, परंतु क्रम उलटा आहे, असे मला ठामपणे वाटते. एप्रिल-मे महिन्यांत, आकाशात ढगही नसताना, शहरातले कितीतरी नाले वाहत असतात. ते पाणी टायरच्या भुकटीचे नसून घरांचे आणि काही ठिकाणी कारखान्यांचे सांडपाणी आहे. मलवाहिका तुंबली, अपुरी पडली किंवा तिला जोडणी घेण्याचा खर्च टाळायचा असला, की ते पावसाळी गटारात सोडले जाते.

नदीत स्नान करण्यायोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे, की जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) एका लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरला कमाल २,५०० असावेत. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्यात हीच ऑक्सिजन मागणी दीडशे-दोनशेच्या पुढे असते आणि जिवाणूंची संख्या दहा लाखांच्याही वर जाते. एका मोठ्या सोसायटीची चुकीची जोडणी नाल्याचे जे करते, ते शंभर दुचाकी धुतल्याने होणार नाही. अशा वेळी दुचाकी धुणाऱ्याला दंड करणे म्हणजे दुबळ्याला पकडून बलवानाला सोडणे होय.

शिवाय नव्या नियमांची गरजच काय? १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २४ वे कलम प्रवाहात, विहिरीत किंवा गटारात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई करते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी गटारात कचरा टाकण्यास बंदी घातलेली होती. बांधकामाच्या राडारोड्याने गटारे अडू नयेत, ही जबाबदारीही त्याच वर्षीच्या वेगळ्या नियमांनी राडारोडा निर्माण करणाऱ्यावर टाकली. नियमांची कमतरता नाही. त्यांचा वापर मोठ्यांवर होत नाही, ही अडचण आहे.

द्वारका परिसरातील गॅरेजमालक

या चर्चेत आमच्या व्यवसायाचे नाव आले आहे, म्हणून लिहितो. वापरलेले इंजिन ऑइल आम्ही गटारात ओतत नाही, कारण त्याला विकत घेणारा आहे आणि कायद्यानेही तो घातक कचरा आहे. जे तेल गटारात जाते, ते मुख्यतः फरशी धुताना, सुटे भाग रॉकेलमध्ये साफ करताना आणि रस्त्याकडेला झाडाखाली बसून काम करणाऱ्या कारागिरांकडून जाते.

तीन कप्प्यांची टाकी चांगली असते, हे मान्य आहे. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगते आणि तिसऱ्यात तळाकडून पाणी पुढे जाते. पण भाड्याच्या गाळ्यात ती खणायची कुठे आणि जागामालक परवानगी कशी देणार? त्यापेक्षा काही ठिकाणी सामायिक धुलाई केंद्रे उभारून पाणी गाळून पुन्हा वापरण्याची सोय करावी. सक्ती आधी आणि सोय नंतर असे झाले, तर लोक रात्री गाड्या धुतील, एवढेच होईल.

स्थापत्य अभियंता, निवृत्त

वरील दोन्ही बाजूंना मी एक सोपी कसोटी सुचवतो. सलग आठ-दहा दिवस पाऊस नसताना प्रत्येक पावसाळी गटाराचे मुख पाहावे. ते कोरडे असेल, तर तिथला प्रश्न रस्त्याचा आहे. ते वाहत असेल, तर त्यात बहुधा सांडपाणी येत आहे. वाहत्या पाण्यात अमोनिया आणि साबणद्रव्य तपासले, की ते घरगुती सांडपाणी आहे, धुलाईचे पाणी आहे, की फुटलेल्या जलवाहिनीचे स्वच्छ पाणी आहे, हे बऱ्यापैकी कळते. त्यानंतर वरच्या बाजूला एकेक चेंबर उघडत गेले आणि संशयित इमारतीच्या संडासात निरुपद्रवी रंग सोडला, की तो कोणत्या चेंबरमध्ये उतरतो यावरून नेमकी जोडणी सापडते. हे काम थोड्या प्रशिक्षित माणसांच्या आवाक्यातले आहे आणि त्यासाठी मोठ्या निविदेची आवश्यकता नाही.

बारीक जाळीच्या टोपल्यांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पहिल्याच वादळी सरीत त्यांच्यावर पाने आणि पिशव्या बसतात आणि पाणी रस्त्यावर चढते. सराफ बाजार आणि दहीपूल भागातल्या दुकानदारांनी सरस्वती नाल्याचे पाणी गाळ्यात शिरताना अनेकदा पाहिले आहे, आणि सप्टेंबर २००८ चा महापूर तर शहर विसरलेले नाही. जिथे पाणी वाहून जाण्यालाच अडथळा आहे, तिथे आणखी अडथळा घालणे धोक्याचे ठरेल. त्याऐवजी चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा दीड-दोन फूट खोल ठेवावा, म्हणजे माती आणि जड कण तिथेच बसतील. अर्थात हा खड्डा वेळेवर उपसला नाही, तर पुढच्या जोरदार पावसात साचलेले सगळे ढवळून बाहेर पडते. म्हणून उपसण्याची तरतूद नसेल, तर असा चेंबर बांधण्यात अर्थ नाही.

सिमेंटकडे इथे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तयार काँक्रीटची गाडी किंवा मिक्सर रस्त्यावर धुतला, की त्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, आणि असे पाणी नाल्यातल्या माशांना सहन होणारे नाही. शहराच्या नव्या वस्त्यांत चाललेल्या बांधकामांचे प्रमाण पाहता ही बाब मला गॅरेजइतकीच गंभीर वाटते. बांधकामाच्या आवारात धुण्याचा एक अस्तर लावलेला खड्डा ठेवला, तर हे थांबते. पाणी जमिनीत मुरवावे असेही अनेक जण सुचवतात. पण नाशिकची जमीन काळ्या बेसॉल्टची आहे, त्यामुळे शोषखड्डे जिथे मुरमाचा थर लागतो तिथेच उपयोगी पडतात, सगळीकडे नाही.

पंचवटीतील भाजीविक्रेत्याचा मुलगा

बाजार उठल्यावर पाला आणि सडका माल जाळीपाशी ढकलला जातो, हे खरे आहे. पण घंटागाडी सकाळी येते आणि बाजार रात्री उठतो. रात्री नऊनंतर एक गाडी आली, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

गोदाकाठचा रहिवासी

अभियंता महोदयांची कोरड्या दिवसांतली कसोटी मला पूर्ण पटते, आणि टोपल्यांऐवजी नाल्याच्या मुखाशी तरंगता अडसर लावणे बरे, असेही वाटते. मात्र सातपूरकरांच्या एका मुद्द्याशी मी सहमत होऊ शकत नाही. सांडपाण्याच्या जोडण्या तुटेपर्यंत रस्त्याकडे पाहू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा परिणाम होतो. सांडपाण्यातील सेंद्रिय घटक नदीत काही प्रमाणात विघटित होतात. जस्त आणि तांबे विघटित होत नाहीत, ते गाळासोबत खाली जातात. नाशिकच्या खाली नांदूर मधमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यात हा गाळ अडतो, आणि तेच महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. त्यापुढे जायकवाडी आहे, ज्याचे पाणी मराठवाडा पितो. आपल्या रस्त्यावरचे धातू त्यांच्या वाट्याला पाठवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

गॅरेजमालकांची सामायिक केंद्राची मागणी न्याय्य आहे. दंडाच्या आधी अशी सोय उपलब्ध करून द्यावी, हे माझ्या मागण्यांत जोडतो.

सातपूरकर

रस्त्याकडे पाहूच नये, असे मी म्हटलेले नाही. दंडाचा आरंभ कुठून व्हावा, हा माझा प्रश्न आहे. पावसाळ्यापूर्वी सर्व पावसाळी गटारांच्या मुखांची पाहणी करून, कोणती कोरडी आणि कोणती वाहती, अशी प्रभागनिहाय यादी जाहीर व्हावी. वाहत्या मुखांमागच्या मोठ्या जोडण्या, मग त्या सोसायटीच्या असोत, कारखान्याच्या असोत किंवा शासकीय इमारतीच्या, आधी तोडल्या जाव्यात. ती यादी समोर आली, तर त्याच आठवड्यात धुलाई केंद्रांवरील कारवाईलाही मी जाहीर पाठिंबा देईन. यादीविना केलेल्या कारवाईला माझा विरोध कायम राहील.

स्थापत्य अभियंता, निवृत्त

ही यादी करण्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. नासर्डीच्या काठाने आगरटाकळीच्या संगमापर्यंत चालत गेल्यास बहुतेक मुखे काठावरून दिसतात. ठिकाण, तारीख, शेवटचा पाऊस कधी पडला आणि मुख वाहते आहे की नाही, एवढ्या चार नोंदी छायाचित्रासह केल्या, तरी त्या अर्जाला जोडता येतात. पाण्यात मात्र कोणी उतरू नये, आणि पाहणी एकट्याने करू नये. वाघाडीच्या काठी राहणारे कोणी या धाग्यावर असतील, तर त्यांनी त्या बाजूची नोंद घ्यावी. नासर्डीची मी घेतो.