ऑफिसातलं अ‍ॅस्बेस्टॉस: एचआरने यात पडावं का?

फाइलवाली
जुन्या इमारतीत छताच्या टाइल्स, विनाइलची फरशी, पाइपांवरचं आवरण यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं (हे बारीक तंतूंचं खनिज; तंतू श्वासात गेले तर कर्करोग होऊ शकतो). ते काढणाऱ्या कामगाराला निदान मास्क आणि प्रशिक्षण मिळतं, टेबलावर बसणाऱ्याला कोणी सांगतही नाही. आमच्याकडे नेटवर्कच्या वायरी टाकायला कंत्राटदाराची माणसं आली. टाइल्स सरकवल्या, ड्रिलने भोकं पाडली, कीबोर्डांवर पांढरी पूड बसली. हाउसकीपिंगच्या मुलाने ती कोरड्या फडक्याने झटकली. नमुना घेतलाच नाही, त्यामुळे ती कशाची होती हे आजही कोणाला ठाऊक नाही. म्हणून माझं मत: छताला-भिंतीला हात लावणाऱ्या प्रत्येक कामावर एचआरची सही हवी.

खुंटी
साफ असहमत. साप साप म्हणून भुई धोपटणं आहे हे. वस्तू धड असेल, फुटली-कापली नसेल, तर तंतू हवेत येत नाहीत. मेसोथेलिओमाचे (अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा, बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) बहुतेक रुग्ण इन्सुलेशन, जहाजबांधणी, सुतारकाम, प्लंबिंग अशा कामांतले असतात, पगारपत्रकं बनवणारे नव्हेत. आणि सहीचं म्हणाल तर एचआरला छतातलं काय कळतं? फॅसिलिटीवाले कशाला ठेवलेत?

फाइलवाली
धोका कमी आहे हे मान्य, शून्य नाही. कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झालेला आहे, त्या कुठे जहाजं बांधत होत्या? शिवाय आजार दिसायला २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर कंत्राटदार बदललेला, फॅसिलिटीवाला निवृत्त झालेला. अमुक साली कोण कुठल्या मजल्यावर बसत होतं, हे फक्त आमच्या एचआरच्या कपाटात सापडतं. अमेरिकेत ओशाचे (कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था) नियम घातक पदार्थांशी आलेल्या संपर्काच्या नोंदी किमान ३० वर्षं ठेवायला सांगतात, ते उगाच नाही.

रोखठोक
एवढी चर्चा कशाला? सगळं उपटून फेका, विषय संपला.

हेल्मेटवाले काका
रोखठोक, उपटतानाच तर सर्वांत जास्त उडतं. ब्रसेल्समधली युरोपियन कमिशनची बर्लेमाँट इमारत १९९१ साली याच कारणाने रिकामी केली आणि लोक परत गेले ते २००४ मध्ये. धड असलेलं सांभाळून, खूण करून ठेवणं बऱ्याचदा शहाणपणाचं असतं.

फाइलवाली ताई, नोंदींबद्दल तुमचं बरोबर, सहीचा हट्ट सोडा. न कळणाऱ्याची सही म्हणजे नुसता शिक्का. ब्रिटनच्या २०१२ च्या नियमावलीत इमारत सांभाळणाऱ्यावर जबाबदारी आहे की अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंद ठेवायची आणि त्याला धक्का लावू शकणाऱ्या प्रत्येकाला ती माहिती द्यायची. तसं करा. ड्रिल चालू करण्याआधी ‘नोंदवही पाहिली’ म्हणून कंत्राटदाराची सही घ्या. एचआरने फक्त बघायचं की ती सही नसताना काम सुरू झालेलं नाही. आणि संशयित पूड पडलीच तर झटकायची नाही, झाडायची नाही. साधा व्हॅक्यूम तर मुळीच नको, त्याने तंतू आणखी पसरतात. खोली रिकामी करून बंद करा, एसी बंद करा, नमुना तपासून घ्या.

खुंटी
नोंदवहीपर्यंत ठीक, काका. पण ती कर्मचाऱ्यांना दाखवायची म्हणाल तर दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस छातीचा एक्स-रे मागेल. बिल कोण भरणार?

फाइलवाली
न सांगता कळलं तर पूर्ण ऑफिस मागेल. मेलमध्ये एवढंच लिहायचं: कुठल्या मजल्यावर, कशात, आता स्थिती काय, टाइल फुटलेली दिसली तर कोणाला फोन करायचा. एक्स-रेत इतक्या लवकर काही दिसत नाही, हेही त्याच मेलमध्ये. ज्यांच्या डोक्यावर ड्रिल चाललं त्यांच्या फाइलला मात्र तारीख आणि जागा लावून ठेवायची, एक प्रत त्यांच्या हातात.

खुंटी
प्रत दिलीत की उद्या वकील येतो, सांगून ठेवतो.

फाइलवाली
येऊ दे. त्याला दाखवायला कागद तरी असेल.