चुकलेला व्हाइट बॅलन्स सुधारायलाच हवा का?

खिडकीपाशी:
घरातल्या उजेडात फोटो काढायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला: व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायचं सेटिंग, नीट करून घ्या. बल्बखाली सगळं नारिंगी आलं, सुधारा. ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट आले, सुधारा. माझं मत असं आहे की या घाईत कितीतरी चांगले फोटो मारले जातात. विशेषतः खोलीत दोन रंगांचा उजेड असेल तेव्हा.

एक उदाहरण देतो. तिन्हीसांजेची वेळ, एक बाई खिडकीशी बसून पत्र वाचतेय, पाठीमागे टेबलावर पिवळा बल्ब. कॅमेरा आधीच्या कामामुळे निव्वळ अपघाताने टंगस्टनवर, म्हणजे बल्बच्या उजेडाला पांढरं मानणाऱ्या सेटिंगवर, साधारण ३२०० केल्विनवर राहिला होता (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). फोटोत बल्बकडचा गाल जवळजवळ जसा दिसतो तसाच आला, किंचित उबदार. खिडकीकडचा गाल, कागदाची कड आणि नखं मात्र गडद निळी. नाकाच्या कडेला दोन्ही उजेड मिळतात तिथे बारीकशी जांभळट छटा. हाच फोटो ऑटोवर नेला की सॉफ्टवेअर दोन्ही उजेडांच्या मधला कुठला तरी आकडा धरतं. खिडकी फिकट निळी, बल्ब फिकट पिवळा, आणि बाहेर अंधारून येतंय, आत दिवा लागलाय हे फोटोतून निघूनच जातं. असा फोटो 'दुरुस्त' करणं मला त्याचा जीव काढून घेण्यासारखं वाटतं.

केल्विन:
फोटो छान असणार, पण श्रेय चुकीच्या ठिकाणी जातंय. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलला वेगवेगळ्या आकड्यांनी गुणणं, एवढंच. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, तो आकडा फाइलला नुसता चिकटवलेला असतो, घरी बसून हवा तो लावा. मग अपघात कसला? त्या खोलीत निळा आणि पिवळा उजेड खरोखर होता, तुम्ही योग्य वेळी तिथे होतात, म्हणून फोटो झाला.

आणि जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यानेच रंग पक्के करून दिलेल्या फाइलवर, काढत असाल तर चूक महागात पडते. बल्बखाली डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडाचं सेटिंग, ठेवलं की त्वचेवरचा लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. गाल आणि कपाळ एकसारखे सपाट नारिंगी होतात, एकदा गेलेला तपशील परत येत नाही. उलट बाजूने, बल्बच्या उजेडात निळं मुळातच कमी असतं. ते वर खेचलं की सावल्यांमध्ये नॉइज, म्हणजे रंगीत दाणे, उसळतो.

खिडकीपाशी:
खोलीत दोन रंग होते, मान्य. पण तिथे उभं असताना ते मला दिसत नव्हते. डोळा उजेडाशी जुळवून घेतो. पांढरा कागद बल्बखालीही पांढराच वाटतो. कॅमेऱ्याने ती तडजोड केली नाही म्हणून मला कळलं. रॉ असला तरी आकडा निवडणार मीच, आणि माझा हात सवयीने मधल्या आकड्याकडे जातो. चुकलेल्या सेटिंगने मला न सुचलेली निवड दाखवली. मी अपघात म्हणतो तो याला.

नितळ:
इतका वेळ सगळे खोलीबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल बोलतायत. फोटोतल्या माणसाचं काय? निळा गाल तुम्हाला सुंदर वाटतो. तिला स्वतःचा चेहरा आजारी वाटला तर?

मी लहान बाळांचे फोटो काढते. नवजात बाळाला कावीळ होणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तिची पहिली खूण त्वचेच्या रंगातच दिसते. पिवळ्या बल्बखालचा फोटो पाहून नातेवाईक घाबरतात. त्याहून वाईट म्हणजे फोन आपणहून पिवळेपणा काढून टाकतो आणि खरोखर पिवळं पडलेलं बाळ गुलाबी दिसतं. अशा ठिकाणी रंग ही माहिती असते, मूड नव्हे. २०१५ साली एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता, आठवत असेल. तो खरा निळा-काळा, पण असंख्य लोकांना पांढरा-सोनेरी दिसला. उजेड कुठल्या रंगाचा आहे हे त्या फोटोवरून ठरत नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपापल्या परीने गृहीत धरलं. एका कपड्याबाबत हे होतं, तर चेहऱ्याबाबत मी धोका का पत्करू?

रिळवाला:
फिल्मवर वाढलेल्या माणसाचं मत. तेव्हा स्लायडर नव्हता. डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनसाठी बनवलेली असायची. घरात बल्बखाली वापरायची तर निळा ८०ए फिल्टर लावायचा, आणि तो सुमारे दोन स्टॉप उजेड खायचा, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा उरायचा. घरात आधीच उजेड अपुरा, त्यातले दोन स्टॉप कोण देणार? बहुतेक जण फिल्टर न लावताच काढायचे. जुन्या अल्बममधला तो मधाळ नारिंगी रंग असा आलाय. टंगस्टन फिल्म बाहेर वापरली की उलट, सगळं निळं.

आज लोक पैसे मोजून तेच रंग विकत घेतात. सिनेस्टिल ८००टी ही फिल्म कोडॅकच्या सिनेमासाठीच्या टंगस्टन फिल्मपासून बनते. मागचा काळा थर आधीच काढलेला असल्यामुळे दिव्यांभोवती लाल वलय येतं. तांत्रिकदृष्ट्या तो दोष, पण लोक त्यासाठीच ती घेतात. माझा कौल खिडकीपाशी यांना. मात्र जुन्या फोटोंचा नारिंगी रंग आपल्याला आवडतो तो बराचसा आठवणींमुळे, हेही खरं.

दिवाबत्ती:
एक गोष्ट राहून जातेय. 'सुधारा' म्हणणारे गृहीत धरतात की प्रत्येक उजेड सुधारता येतो. तसं नाही. जुन्या लो-प्रेशर सोडियम दिव्याचा उजेड जवळजवळ एकाच, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्याखाली लाल आणि निळा कपडा दोन्ही पिवळट-काळपटच. कुठलाही व्हाइट बॅलन्स ते रंग परत आणणार नाही, कारण ते आलेच नाहीत. स्वस्त एलईडीत गडद लाल बऱ्याचदा कमी असतो, म्हणून ओठ आणि त्वचा निर्जीव दिसतात. मॅजेंटा वाढवून हिरवी झाक जाईल, पण रक्ताची लाली येणार नाही.

आणि केल्विन यांनी अपघात नाकारला, तर हे घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, आणि त्याबरोबर तिचा रंगही थोडा बदलतो. शटर १/५०० सेकंदावर ठेवून सलग फोटो काढा: एकात भिंत हिरवट, पुढच्यात तपकिरी, कधी एकाच फोटोत आडवे पट्टे. यात फोटोग्राफरची निवड कुठे आली?

केल्विन:
दिव्याच्या या लुकलुकण्याबाबत, फ्लिकरबाबत, बरोबर. तो अपघातच. पण तसले पट्टे आवडीने ठेवणारा मला अजून भेटलेला नाही.

खिडकीपाशी:
नितळ, बाळांबाबत तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. जिथे रंगावरून कुणी काही ठरवणार आहे, तिथे ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला फ्रेममध्ये धरायचं करडं कार्ड, हवंच. कापड, चित्रांच्या प्रती, औषधोपचार, सगळीकडे.

माझा आग्रह मिश्र उजेडापुरताच आहे. संपूर्ण फोटोवर एकच नारिंगी थर असेल तर त्यात मलाही काही दिसत नाही. तो कुणीही प्रीसेटने, म्हणजे तयार सेटिंगने, चढवेल. दोन उजेड असतील तेव्हा मात्र कुठल्या उजेडाला पांढरं मानायचं, हा फोटोच्या अर्थाचा प्रश्न होतो. बल्बला पांढरं माना, बाहेरचं जग थंड आणि दूर जातं. खिडकीला माना, आतली खोली उबेने भरते. मधला आकडा धरला की दोन्ही हातचं जातं.

हे आता मी मुद्दाम करतो. फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल, म्हणजे फ्लॅशचा उजेड बल्बसारखा करणारा नारिंगी पारदर्शक कागद, आणि कॅमेरा टंगस्टनवर. माणूस नैसर्गिक, मागची संध्याकाळ निळी. ही युक्ती पूर्वीपासूनची आहे, पण मला ती पुस्तकातून पटली नव्हती.

केल्विन:
मग एक कामाची गोष्ट. बल्बच्या बाजूला आकडे जपून हलवा. रंगातला फरक मिरेडमध्ये मोजतात, म्हणजे १० लाख भागिले केल्विन. २७०० वरून ३००० वर गेलात तर ३७ मिरेडचा फरक, ६५०० वरून ६८०० वर गेलात तर फक्त ७. तेच ३०० केल्विन, पण उबदार बाजूला डोळ्यांना पाचपट जाणवतात. अनेक कॅमेऱ्यांत ऑटोचेही दोन प्रकार असतात, एक उबदारपणा राखणारा आणि एक पांढऱ्याला प्राधान्य देणारा. ऑटोला नावं ठेवण्याआधी कुठला चालू आहे ते बघा.

नितळ:
ही माहिती उपयोगी आहे. तरी माझं मत बदललेलं नाही. तो निळा गाल तुमच्या प्रदर्शनात खुशाल लावा, पण त्या बाईंना आधी त्यांच्या खऱ्या रंगाची प्रत द्या, आणि निळी लावू का हे विचारा.

खिडकीपाशी:
विचारलं होतं. त्यांनी निळीच ठेवून घेतली. पण सगळे तसं म्हणतील असं नाही, हे मान्य.